दारूचा दाणा आणि मापाचं तोंड

दारू मोजून टाकणारं चांगलं मापयंत्र विकत घेतलं की प्रत्येक काडतुसात दारू सारखीच पडणार, असा घरी काडतुसं भरणाऱ्यांचा पक्का समज असतो. मग हाती येणाऱ्या वजनांत फरक दिसला की यंत्राला दोष दिला जातो आणि त्याहून महाग यंत्राचा शोध सुरू होतो. प्रत्यक्षात यंत्रातला फिरणारा पितळी ड्रम किती सुबक कातला आहे यापेक्षा त्यात पडणारा दाणा कोणत्या आकाराचा आहे, यावर फरक जास्त ठरतो. मापात नीट पडणारी दारू साध्या यंत्रातूनही नीट पडते. न पडणारी दारू कुठल्याच यंत्राला जुमानत नाही.

अमेरिकेत आणि जिथे कायदा परवानगी देतो अशा इतर देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात. नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवायचा, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची. एका काडतुसात घालायच्या दारूला ‘भार’ म्हणतात आणि तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, आणि ७,००० ग्रेनचा एक पौंड. हे वजनाचं एकक आहे. दारूच्या कणाला या लेखात ‘दाणा’ म्हटलं आहे, दोन्हींची गल्लत करू नये.

अडचणीचं मूळ असं की मापयंत्र वजन करतच नाही. ते आकारमान मोजतं. वरच्या हॉपरमधून, म्हणजे दारू साठवायच्या नळकांड्यातून, दारू ड्रमच्या खळग्यात उतरते, ड्रम फिरतो, खळग्याच्या तोंडावरची जास्तीची दारू कडेने कापली जाते आणि खळगा खाली रिकामा होतो. प्रत्येक वेळी खळगा त्याच घनतेने भरला, तरच वजन सारखं येतं.

धूरविरहित दारूची पायाभरणी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये केली. ती नायट्रोसेल्युलोजची असते. काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असतं. दाण्याचे ढोबळ प्रकार तीन (पुढची नावं बाजारात मिळणाऱ्या दारूंची). साच्यातून दाबून काढलेल्या आणि कापलेल्या नळीसारख्या कांड्या: आयएमआर ४०६४, आयएमआर ४३५०, वार्गेट. चपट्या चकत्या: युनिक, बुल्सआय. आणि गोल दाणा, जो १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी विकसित केला. त्यात नायट्रोसेल्युलोज इथिल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवून पाण्यात घुसळतात. पृष्ठताणामुळे थेंब आपोआप गोल होतात आणि द्रावक काढून घेतला की घट्ट दाणे उरतात. काही वेळा ते रुळांखालून काढून किंचित चपटे करतात. एच११०, सीएफई २२३, एचपी-३८ या याच घराण्यातल्या.

आता खळग्याच्या तोंडाकडे जवळून पाहू, कारण खरा खेळ तिथेच आहे.

ड्रम फिरू लागतो त्या क्षणी तोंडाच्या पातळीवर काही दाणे अर्धे आत, अर्धे बाहेर असतात. त्यातला प्रत्येक दाणा एक तर आत ढकलला जातो, नाही तर बाहेर राहतो, नाही तर कापला जातो. कांडीदार दारू भरताना हाताला लागणारा ‘करकर’ आवाज हा त्या कापल्या जाणाऱ्या कांड्यांचाच. खळग्याच्या पोटात, भिंतींच्या आत, ही अनिश्चितता नसते. ती फक्त तोंडावर असते. तोंडावर असे किती दाणे बसतात? तोंडाचं क्षेत्रफळ भागिले एका दाण्याने व्यापलेली जागा. प्रत्येकाचा निकाल स्वतंत्र आणि यादृच्छिक असल्यामुळे एकूण चूक त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एकेका दाण्याची चूक त्याच्या घनफळाइतकी, म्हणजे आकाराच्या घनाच्या प्रमाणात. हे दोन्ही गुणले की हिशेब असा उतरतो: तोंडावरची चूक ही दाण्याच्या आकाराचा वर्ग गुणिले तोंडाचा व्यास, या प्रमाणात वाढते.

आकडे घालून पाहू. आयएमआर ४०६४ सारखी कांडी सुमारे २ मिमी लांब आणि ०.८ मिमी जाड असते. तिचं घनफळ साधारण १ घनमिमी, वजन ०.०२५ ग्रेनच्या आसपास. १२ मिमी व्यासाच्या तोंडावर अशा शंभरेक कांड्या मावतात. शंभराचं वर्गमूळ दहा. प्रत्येकीची चूक सुमारे ०.०१ ग्रेन धरली तर तोंडावरची चूक ०.१ ग्रेन. अर्धा मिलिमीटर व्यासाचा गोल दाणा घेतला, तर तोंडावर साडेचारशे दाणे येतात, पण एकाचं वजन जेमतेम ०.००१६ ग्रेन, त्यामुळे चूक ०.०१५ ग्रेनच्या आसपास राहते. यंत्र तेच, हात तोच, फरक सहा-सात पट.

यावरूनच ध्यानात येतं की ४० ग्रेनच्या भारासाठी रुंद-उथळ खळग्यापेक्षा अरुंद-खोल खळगा का चांगला. तोंड १८ मिमीचं ठेवलं तर चूक १२ मिमीच्या दीडपट. काही मापयंत्रांना पिस्तुलासाठी लहान आणि रायफलसाठी मोठा असे दोन वेगळे ड्रम मिळतात, त्यामागचं कारण हेच. मोठ्या ड्रमचा खळगा जेमतेम उघडून पिस्तुलाचा चार ग्रेनचा भार मोजायचा प्रयत्न केला, तर तो रुंद, उथळ वाटीसारखा होतो आणि वजन हलू लागतं.

मात्र तोंड कितीही अरुंद करता येत नाही, कारण तिथे कमान आडवी येते. दाणे एकमेकांना टेकून भोकावर कमान धरतात आणि प्रवाह थांबतो. भोकाचा व्यास दाण्याच्या पाच-सहा पटींच्या खाली गेला की ही कमान वारंवार बसते. युनिकच्या मोठ्या चकत्या साधारण दीड मिलिमीटरच्या. आठ मिलिमीटरच्या खळग्यात हे प्रमाण पाचच्या आसपास येतं, म्हणजे नेमकं धोक्याच्या उंबरठ्यावर. गोल दाण्यासाठी त्याच खळग्यात प्रमाण सोळा. युनिकचं वजन मधूनच घसरतं अशी तक्रार होते ती म्हणूनच.

कमान खळग्यापेक्षा खालच्या नळीत धरली तर प्रकरण गंभीर होतं. .२२४ इंच गोळीच्या पुंगळीची मान आतून सुमारे ५.७ मिमी असते, भरणी नळी त्याहून अरुंद. २ मिमीच्या कांड्या तिथे अडकतात. एका पुंगळीत दारू कमी पडते आणि पुढच्या झटक्याला अडकलेली रास पुढच्या पुंगळीत उतरते. एक चूक, पण बिघडलेली काडतुसं दोन. कमी भाराची गोळी बंदुकीच्या नळीतच अडकू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर बंदुकीची नळी फुटू शकते. म्हणून लांब कांडी वापरताना प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून पातळी पाहायचीच, आणि एक काडतूस कमी भरलेलं सापडलं की त्याच्या पुढचंही बाजूला काढायचं.

तोंडानंतरचा दुसरा शत्रू म्हणजे ठासणी. काडेपेटीतल्या काड्या ओतल्या तर त्या कधी आडव्यातिडव्या पसरतात, कधी शिस्तीत बसतात. लांब कांड्यांचं तसंच. गोलांना दिशाच नसते, त्यामुळे ते बऱ्याचशा एकाच पद्धतीने बसतात. ४० ग्रेनच्या भारात घनता एक टक्का बदलली तर ०.४ ग्रेनचा फरक पडतो, म्हणजे तोंडावरच्या चुकीच्या चौपट. हलवल्याने राशी हळूहळू दबत जातात. शिकागो विद्यापीठातल्या १९९५च्या प्रयोगात काचेच्या मण्यांच्या स्तंभाला हजारो टिचक्या दिल्या. घनता आधी झपाट्याने आणि मग लॉगरिदमच्या गतीने, अगदी रेंगाळत वाढत गेली. व्यवहारातला अर्थ सरळ आहे. हॉपर नुकताच भरला असेल तर पहिले भार हलके पडतात. पंधरा-वीस भार टाकून परत हॉपरमध्ये ओतावेत आणि मगच वजन करायला बसावं. ड्रम फिरवणारा दांडा प्रत्येक वेळी त्याच वेगाने हलवावा, वर आणि खाली त्याच जोराने थांबवावा. टकटक करायची असेल तर दरवेळी करावी, नाही तर कधीच नको.

हॉपरमधली पातळी उतरली की वजन कोसळतं, ही भीती मात्र अतिरंजित आहे. जर्मन अभियंता यान्सेन यांनी १८९५ मध्ये दाखवलं की धान्याच्या कोठारात तळावरचा दाब उंचीबरोबर वाढत राहत नाही. व्यासाच्या काही पट उंचीनंतर वरचा भार घर्षणामुळे भिंती उचलतात. हॉपरमध्ये तिरकस पट्टी, म्हणजे बॅफल, बसवली आणि पातळी एक तृतीयांशाच्या वर ठेवली, तर एवढं पुरेसं होतं.

मग निवड कशी करायची? सुरुवात भरणीच्या पुस्तकातून, मापातून नव्हे. त्या काडतुसासाठी आणि त्या वजनाच्या गोळीसाठी दारू उत्पादकाने छापलेल्या यादीत ज्या दारू आहेत, त्यांतूनच निवडायचं. मापात छान पडते म्हणून यादीबाहेरची दारू घेणं हा जिवाशी खेळ. नावं सारखी दिसतात म्हणून फसू नये: एच४३५० आणि आयएमआर ४३५० यांची माहिती वेगवेगळी आहे. यादीतल्या दोन दारू इतर बाबतीत तुल्यबळ असतील, तेव्हा बारीक दाण्याची घ्यावी. कांडीच हवी असेल तर आखूड कापलेली पाहावी. एच४८३१एससी ही एच४८३१चीच आखूड आवृत्ती आहे.

गोल दाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो घट्ट बसतो, म्हणून पिस्तुलाचा लहान भार पुंगळीच्या तळाशी नजरेआड होतो. टाइटग्रुपसारख्या दारूचा दुप्पट भार मोठ्या पुंगळीत सहज मावतो आणि दिसत नाही. फुगीर चकत्यांचा दुप्पट भार बऱ्याचदा वर तरी येतो. शिवाय काही गोल दारू पेटायला जड असतात, त्यांना छापील माहितीत मॅग्नम, म्हणजे जास्त जोरदार ज्वाळेचा, प्रायमर सांगितलेला असतो. एच११० चा भार छापील किमानाखाली नेऊ नये. बारीक दाणा सैल ड्रमच्या फटीतून गळतो, तेही तपासावं.

चाचणी घेताना दहा भार एकत्र तोलून दहाने भागण्याची पद्धत लोकप्रिय आहे. त्यातून सरासरी मिळते, विखुरण झाकली जाते. पंचवीस-तीस भार एकेक तोलून सर्वात हलका आणि सर्वात जड यांतलं अंतर लिहून ठेवावं. साध्या डिजिटल काट्याची पायरी ०.१ ग्रेनची असते, म्हणजे त्याहून बारीक फरक त्याला दिसतच नाही. काट्यापाशी पंखा नको, आणि दर थोड्या वेळाने प्रमाणित वजन ठेवून काटा तपासावा. गोल दाणा साधारण ±०.१ ग्रेनमध्ये राहतो. लांब कांडी ±०.३ च्या पुढे जात असेल तर यंत्राशी भांडत बसू नये. लक्ष्याच्या अर्धा ग्रेन खाली टाकून उरलेली दारू ट्रिकलरने, म्हणजे थोडेथोडे दाणे सोडणाऱ्या नळीने, काट्यावरच थेंबाथेंबाने पुरी करावी.

एकेका दाण्यापर्यंत अचूक तोलणाऱ्या काट्यांची मोठी जाहिरात चालते. ४० ग्रेनमधला ०.१ ग्रेन म्हणजे पाव टक्का. त्याने ८०० मीटर प्रति सेकंद वेगात फार तर सेकंदाला दोनेक मीटरचा फरक पडतो. प्रायमर, पुंगळीचं आतलं आकारमान आणि मानेची पकड यांतून येणारा फरक बहुतेकदा त्याहून मोठा असतो. तीन गोळ्यांचा घट्ट गट पाहून ‘हाच जादूचा भार’ ठरवणं हा संख्याशास्त्राच्या दृष्टीने निव्वळ कौल लावण्याचा प्रकार आहे. तेच भार पुन्हा झाडले की क्रम बदलतो.

कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या हॉपरला दारू चिकटते ती स्थिर विजेमुळे. दाण्यावर ग्रॅफाइटचा थर असतोच. तो वीज वाहून नेतो आणि घर्षणही कमी करतो. नव्या ड्रममधून पौंडभर दारू फिरवली की धातूवरही ग्रॅफाइट बसतं आणि भार स्थिरावतात. काम संपलं की हॉपर त्याच दिवशी रिकामा करून दारू मूळ डब्यात परत घालावी: नायट्रोग्लिसरीन असलेली दारू प्लॅस्टिक खाते, आणि दुसऱ्या दिवशी हॉपरमध्ये कोणती दारू आहे हे रंगावरून ओळखता येत नाही.