निष्क्रिय सेशनचे व्यवस्थापन

लॉगिन केल्यानंतर बराच वेळ कोणतीही मागणी न पाठवणाऱ्या वापरकर्त्याचे सेशन (त्याच्या भेटीची सर्व्हरने ठेवलेली नोंद) ठरावीक मुदतीनंतर रद्द करून किंवा डिस्कवर हलवून सर्व्हरची अडकलेली मेमरी मोकळी करण्याच्या पद्धतीला निष्क्रिय सेशनचे व्यवस्थापन म्हणतात.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा, याविषयी दोन मते संभवतात. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांनी सीटीएसएस ही कालविभागणी प्रणाली दाखवली. एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची ही परंपरा पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत आली आणि त्याच्या काही शेलमध्ये (आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्राममध्ये) आपोआप लॉगआउट होण्याची सोयही झाली. वेबवरील मुदत ही तिचीच वारस मानता येईल. तथापि टर्मिनलची लाइन तुटली की यंत्राला ते सहसा कळे. वेबवरील देवाणघेवाणीच्या एचटीटीपी या नियमावलीत मात्र प्रत्येक मागणी स्वतंत्र असते आणि वापरकर्ता ब्राउझर बंद करून गेला तरी सर्व्हरला ते समजतेच असे नाही. १९९४ च्या सुमारास नेटस्केपमधील लू मॉन्टुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरने जपायची छोटी नोंद, आणल्यावर (तिचे पहिले प्रमाण, आरएफसी २१०९ हा इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज, फेब्रुवारी १९९७ चे) वापरकर्त्याची ओळख टिकू लागली, पण त्याच्या जाण्याचा पुरावा म्हणून शेवटच्या मागणीची वेळ एवढीच खूण उरली. त्यामुळे वेबवरील मुदतीचा प्रश्न स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मेमरीवरील भार मुदतीच्या प्रमाणात वाढतो. दर सेकंदाला ५० नवी सेशन्स सुरू होत असतील आणि मुदत ३० मिनिटांची असेल, तर किमान ९०,००० सेशन्स एका वेळी साठून राहतात. प्रत्येकी २० किलोबाइट धरल्यास ती सुमारे १.८ गिगाबाइट जागा घेतात. मुदत १० मिनिटांवर आणल्यास हीच गरज सुमारे ६०० मेगाबाइट होते. वेब-अनुप्रयोग चालवणाऱ्या प्रणालींपैकी जावावरील टॉमकॅटची मूळ मुदत ३० मिनिटे, एएसपी डॉट नेटची २० मिनिटे, तर पीएचपीची १,४४० सेकंद आहे. पीएचपीत सेशन मुळात फाइलींत राहत असल्याने तेथे भार डिस्कवर पडतो. मुदत संपताच जागा सुटते असेही नाही. टॉमकॅटची पार्श्वभूमीतील फेरी दर १० सेकंदांनी होते व तिच्या दर सहाव्या खेपेला मुदतबाह्य सेशन्स शोधली जातात. त्यानंतरही वापरात नसलेली मेमरी परत मिळवणारा जावाचा कचरा-संकलक येईपर्यंत, आणि सेशनच्या ऑब्जेक्टकडे प्रोग्राममध्ये दुसरा संदर्भ उरला असेल तर त्यापुढेही, मेमरी अडकून राहते. कुकी न जपणारे, पाने आपोआप वाचत फिरणारे शोधयंत्रांचे क्रॉलर तर प्रत्येक मागणीगणिक नवे सेशन उघडू शकतात, म्हणून टॉमकॅटमध्ये त्यांच्यासाठी ६० सेकंदांच्या मुदतीची वेगळी सोय आहे. याउलट, दर मिनिटाला स्वतःहून ताजे होणारे पान उघडे ठेवले तर समोर कोणी नसतानाही सेशन कधीच निष्क्रिय ठरत नाही.

सुरक्षेच्या दृष्टीनेही मुदत आवश्यक असते. पेमेंट कार्डांसाठीच्या पीसीआय डीएसएस प्रमाणात १५ मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर पुन्हा ओळख पटवणे अपेक्षित आहे.

सर्व्हरच्या मेमरीवरील भार टाळण्यासाठी सेशन रेडिससारख्या वेगळ्या माहितीसाठ्यात ठेवणे हा दुसरा मार्ग होय. मे २०१५ च्या आरएफसी ७५१९ मधील जेडब्ल्यूटी टोकनमध्ये (सही केलेल्या ओळखपत्रासारख्या मजकुरात) ओळखीची माहिती वापरकर्त्याकडेच राहते, मात्र असे टोकन मुदतीपूर्वी रद्द करायचे झाल्यास सर्व्हरला रद्द टोकनांची यादी किंवा तत्सम नोंद ठेवावी लागते.