कंबरदुखीच्या प्रश्नावल्या आणि सीमाभागातील मराठी रुग्ण : पार्श्वभूमी

कंबरदुखीने माणसाचे रोजचे जगणे किती अडते, हे एमआरआयवरून सांगता येत नाही. मणक्यातील चकती सरकलेली असूनही एखादा शेतकरी ऊसतोडीला जातो आणि ज्याच्या चित्रात वावगे काहीच आढळत नाही असा दुसरा महिनाभर अंथरुणाला खिळतो. म्हणून ही अडचण रुग्णालाच विचारून मोजावी लागते. विचारण्याची ठरावीक पद्धत असावी या गरजेतून, इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेलगतच्या ओस्वेस्ट्री या गावातील अस्थिरोग रुग्णालयात १९७६ पासून एका प्रश्नावलीवर काम सुरू झाले आणि १९८० मध्ये ती प्रसिद्ध झाली. बेळगावकराला ओळखीचा वाटावा असाच तो सीमाभाग.

या प्रश्नावलीत वेदना, स्वतःची निगा, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, सामाजिक जीवन आणि प्रवास असे दहा विभाग असून प्रत्येकात शून्य ते पाच गुणांची सहा विधाने आहेत. पन्नासपैकी मिळालेल्या गुणांची टक्केवारी म्हणजे रुग्णाची असमर्थता. १९८३ मध्ये रोलंड आणि मॉरिस यांनी आजारपणाचा एकूण परिणाम मोजणाऱ्या १३६ विधानांच्या एका जुन्या प्रश्नावलीतून २४ विधाने निवडली, त्यांना ‘पाठीमुळे’ अशी जोड दिली आणि आजच्या दिवसापुरते हो किंवा नाही एवढेच विचारले. पुढे जगभर या दोनच प्रश्नावल्या सर्वाधिक वापरल्या गेल्या.

त्या इतर भाषांत न्यायच्या तर नुसते भाषांतर पुरत नाही, हे १९९० च्या दशकात मान्य झाले. १९९३ मध्ये गिलमिन, बॉम्बार्डिए आणि बीटन यांनी आणि २००० मध्ये बीटन व सहकाऱ्यांनी त्यासाठी जी रीत सांगितली, ती आजही प्रमाण मानली जाते. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, त्यांतील एक विषयाचा जाणकार आणि दुसरा विषयाशी अपरिचित. दोन्ही मसुद्यांचा एक मसुदा करायचा. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी तो पुन्हा मूळ भाषेत आणायचा. तज्ज्ञांच्या समितीने सारे पडताळायचे आणि शेवटी तीस ते चाळीस रुग्णांना ती देऊन, त्यांना काय कळले हे त्यांच्याच तोंडून ऐकायचे. ही शेवटची पायरी सर्वांत मोलाची, आणि घाईत गुंडाळली जाते तीही हीच.

मराठीत ओस्वेस्ट्री प्रश्नावलीच्या २.१अ या आवृत्तीची वैधता (जे मोजायचे तेच मोजले जाते का) आणि विश्वासार्हता (पुन्हा विचारल्यास तेच उत्तर येते का) तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठी प्रश्नावली उपलब्ध आहे, मग बेळगाव, खानापूर, निपाणीत वेगळी तपासणी कशाला, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. वैधता हा छापील कागदाचा गुण नसून, तो कागद कोणाच्या हाती, कोणत्या कामासाठी दिला जातो त्यावर ती अवलंबून असते, हे त्याचे उत्तर आहे.

बसण्याचाच विभाग पाहा. मूळ इंग्रजीत त्याची पहिली दोन विधाने ‘कोणत्याही खुर्चीत हवा तितका वेळ’ आणि ‘माझ्या आवडत्या खुर्चीत हवा तितका वेळ’ बसता येण्याविषयी आहेत. निपाणीची विडी कामगार बाई दिवसभर जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन, तेंदूच्या कापलेल्या पानात तंबाखू भरून विड्या वळते. आवडत्या खुर्चीचा प्रश्न तिच्या घरात उद्भवत नाही. ती अंदाजाने एका विधानावर खूण करते आणि तो अंदाज गुण म्हणून नोंदला जातो. रोलंड-मॉरिसमधील पायमोजे घालतानाचा त्रास आणि जिन्याच्या कठड्याचा आधार यांचीही हीच गत आहे, तर भाताची लावणी आणि भांगलण, म्हणजे तासन्‌तास वाकून करायची कामे, या यादीत नाहीतच. लैंगिक जीवनाचा विभाग तर अनेक देशांत बरेच रुग्ण कोरा सोडतात. अशा वेळी पन्नासऐवजी पंचेचाळीसपैकी टक्केवारी काढण्याची सोय मूळ पद्धतीतच आहे.

शिवाय १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेल्यापासून येथील अनेक मराठी कुटुंबांत बोलणे मराठीत आणि शिक्षण कन्नडमध्ये अशी विभागणी झाली आहे. असा रुग्ण मराठी प्रश्न ऐकून नीट समजतो, पण वाचताना अडखळतो. मग नातेवाईक किंवा फिजिओथेरपिस्ट वाचून दाखवतो. स्वतः भरलेली आणि दुसऱ्याने विचारून भरलेली प्रश्नावली सारखीच मानता येत नाही, विशेषतः विचारणारी सासू असेल तेव्हा.

पुष्कळ अभ्यास अंतर्गत सुसंगतीचा क्रॉनबाख अल्फा आणि काही दिवसांनी पुन्हा घेतलेल्या उत्तरांचा मेळ एवढे देऊन थांबतात. अल्फा चांगला आला म्हणजे विधाने एकमेकांशी जुळतात एवढेच कळते. ती योग्य गोष्ट मोजतात की नाही, हे कळत नाही. ओस्वेस्ट्रीच्या टक्केवारीत, म्हणजे शंभरपैकी, सुमारे दहा गुणांची घट ही रुग्णाला जाणवणारी सुधारणा, असा आकडा २००८ मधील आंतरराष्ट्रीय सहमतीने सुचवला. पण स्थानिक मोजमापातील चूकच त्याहून मोठी असेल, तर दहा गुणांवरून उपचार लागू पडला असे म्हणता येत नाही. सीमाभागातल्या एकाच दवाखान्यात काहींना मराठी आणि काहींना कन्नड प्रश्नावली दिली जात असेल, तर सारख्याच त्रासाची दोन माणसे दोन्ही भाषांत प्रत्येक विधानाला सारखेच उत्तर देतात का, हे आधी तपासावे लागते. ते झाल्याशिवाय दोन्हींचे गुण एकाच तक्त्यात मांडून सरासरी काढण्याला आधार नसतो.