पार्श्वभूमी : व्हॅनिशिंग पॉइंट कागदाच्या आत कसे आले

हौशी चित्रकाराचं पर्स्पेक्टिव्ह (सपाट कागदावर खोली दाखवण्याची रीत) बिघडतं तेव्हा नियम त्याला बहुधा पाठ असतात. आय लेव्हल, म्हणजे डोळ्याच्या उंचीची आडवी रेषा, ओढलेली असते, तिच्यावर दोन्ही बाजूंना व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे मागे जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात ते बिंदू, दिलेले असतात, पट्टीही नीट लावलेली असते. तरी खोका पुढच्या कोपऱ्यावर सुरीसारखा टोकदार निघतो आणि टेबल अंगावर घसरतं. मग ‘हात बसला नाही’ म्हणून आणखी वीस खोके काढायला सांगतात. दोष असतो त्या दोन बिंदूंमधल्या अंतराचा, आणि ते अंतर कसं ठरवायचं हे शिकवण्यातून कधीच गळून गेलं आहे.

मुळात ते गळण्यासारखं नव्हतं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये ज्या वास्तुकाराने ही रीत करून दाखवली, त्याने चित्रफळीलाच भोक पाडलं. मागून त्या भोकाला एक डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र बघायचं. डोळा कुठे हवा, हे चित्राबरोबरच ठरलेलं. चित्रकलेवरच्या १४३५च्या एका ग्रंथात फरशीचे चौकोन काढताना बघणाऱ्याचं अंतर आधी धरायचं, अशी पायरीच आहे. पुढे गणित्यांनी विषय ताब्यात घेतला. ती तीनेक शतकं इथे ओलांडू.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, १७९०च्या दशकात पुण्याच्या ब्रिटिश रेसिडेंटसाठी एका पुणेकर चित्रकाराने वेरूळची लेणी रेखाटली, तेव्हापासून या रीतीशी झटापट दिसते. (अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतले मंडप एका बिंदूला मिळत नाहीत आणि त्यांचं त्यात काही अडतही नाही.) पद्धतशीर शिक्षण आलं ते १८५७मध्ये मुंबईत कलाशाळा निघाल्यानंतर, लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या अभ्यासक्रमाबरोबर. त्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या श्रेणीच्या परीक्षेत फ्रीहँड, मॉडेल, भूमिती आणि पर्स्पेक्टिव्ह हे विषय होते. पर्स्पेक्टिव्ह म्हणजे मोठा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, वस्तूचा प्लॅन (वरून दिसणारा आराखडा), चित्रपटलाची, म्हणजे डोळा आणि वस्तू यांच्यामधल्या काल्पनिक काचेची, रेषा आणि तिच्यापासून मोजून दिलेला स्टेशन पॉइंट, म्हणजे बघणाऱ्याची जागा. त्या जागेवरून वस्तूच्या बाजूंना समांतर रेषा टाकल्या की व्हॅनिशिंग पॉइंट आपोआप मिळत. काम कंटाळवाणं, एका साध्या खुर्चीला अख्खा बोर्ड लागे. पण अंतर चुकवायला वाव नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात या शिस्तीविरुद्ध उघड बंड झालं. मुंबईत कल लाइफ क्लासकडे, म्हणजे माणूस समोर बसवून चित्र काढण्याकडे, वळला. पर्स्पेक्टिव्हची रचना आर्किटेक्चरवाल्यांकडे गेली आणि चित्रकाराकडे उरली ती नजर. आजच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये पर्स्पेक्टिव्हचा स्वतंत्र पेपर नाही. वस्तुचित्रातल्या तांब्या-बादलीच्या तोंडांत आणि स्मरणचित्रातल्या बाजाराच्या गर्दीत ते मुलांनी आपलं आपण सांभाळायचं.

हौशी मंडळींसाठीच्या पुस्तकांनी पुढे जो निर्णय घेतला, तो आमच्या मते सगळ्यात महागात पडला. प्लॅन आणि स्टेशन पॉइंट गाळले आणि ‘रेषेवर डावीउजवीकडे दोन बिंदू द्या’ एवढंच ठेवलं. आकृती पानात बसवायची म्हणून बिंदूही पानात आले. बाजू घेणारे म्हणतात, नवख्याला रेषा एकत्र मिळतात हे कळलं तरी खूप झालं. ते पटण्यासारखं आहे, पण पहिल्या आठवड्यापुरतं.

हिशेब असा. खोका ४५ अंशांत वळलेला असेल, तर दोन बिंदूंमधलं अंतर डोळा ते चित्र या अंतराच्या दुप्पट असतं. ए-४ कागद आडवा धरला तर २९.७ सेंमी रुंद. बिंदू त्याच्या दोन कडांवर ठेवले, तर चित्र १५ सेंमीवरून बघितलं तरच बरोबर दिसणार. इतक्या जवळून बहुतेकांना धड दिसतही नाही. आपण चित्र बघतो ४० सेंमीच्या आसपास. त्यासाठी बिंदू ८० सेंमी अंतरावर हवेत, म्हणजे प्रत्येक बाजूला कागदाबाहेर २५ सेंमी. खोका ३० अंशांत वळलेला असेल तर मध्यापासून एक बिंदू २३ आणि दुसरा ६९ सेंमीवर जातो. दोन्ही बिंदू सारख्या अंतरावर ठेवायची सवय इथेच उघडी पडते.

तपासायला कंपासपेटीतला गुण्या पुरतो. टेबलाच्या पृष्ठभागाचा सगळ्यात जवळचा कोपरा कागदावर ९० अंशांपेक्षा कमी भरला, तर बिंदू फार जवळ आले आहेत. कारण भूमितीचंच आहे: दोन बिंदूंना व्यास धरून वर्तुळ काढा, त्याच्या बाहेर पडलेला कोपरा काटकोनापेक्षा लहानच येतो. आतही थोडी जागा सोडावी. ६० अंशांचा दृष्टिशंकू (डोळ्यातून समोर पसरणारा बघण्याचा कोन) धरला तर ४० सेंमीवरून मध्याभोवती २३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ सुरक्षित. ए-४चा कोपरा मध्यापासून १८ सेंमीवर असतो, म्हणजे तो त्यात मावतो.

बाहेरचे बिंदू वापरायला मोठ्या पाटीवर कागद चिकटवून टाचणीला दोरा बांधणं सोपं. प्रवासात ते जमत नाही, तेव्हा पट्ट्यांची युक्ती. वस्तूची जवळची उभी कड आय लेव्हलच्या वर ६ सेंमी असेल तर तिचे ६ भाग करा. कडेच्या वरच्या टोकातून निघालेली तिरकी रेषा कागदाच्या काठाला आय लेव्हलपासून ४.५ सेंमीवर भेटत असेल, तर तिथेही ६ भाग करा, प्रत्येकी ७.५ मिमी. तीच मापं आय लेव्हलच्या खाली चालू ठेवा आणि खुणेला खूण जोडा. बिंदू न दिसताही सगळ्या रेषा त्याच्याकडेच जातात. दुसऱ्या बाजूसाठी दुसऱ्या काठावर हेच.

गेल्या काही वर्षांत घोळ फोनने वाढवला. मागचा मुख्य कॅमेरा बहुधा ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यावरच्या २४ ते २६ मिमी लेन्सच्या तोडीचा, म्हणजे वाइड, रुंद कोनाचा. असा न कापलेला फोटो ए-४भर छापला तर तो २० ते २२ सेंमीवरून बघायला हवा. तो जसाच्या तसा उतरवला की वाड्याची भिंत बाणासारखी पळते, आणि फोन वर कलवलेला असेल तर खांबही आत झुकतात. दोन पावलं मागे जाऊन २x झूमवर घेतलेला फोटो पुष्कळ बरा. टॅब्लेटवरच्या काही अ‍ॅपमध्ये पर्स्पेक्टिव्ह गाइडचे बिंदू बोटाने कॅनव्हासबाहेर ओढता येतात. त्यासाठी आधी कॅनव्हास चिमटीने लहान करावा लागतो. तेवढं न केल्यामुळे अनेकांचे बिंदू तिथेही काठाशीच अडकलेले असतात.