‘लॅब्रडोर जाडच असतो’ हा गैरसमज

‘लॅब आहे, गुबगुबीतच असायचा!’ सोसायटीच्या बागेत लॅब्रडोर कुत्र्याबद्दल हे हमखास ऐकू येतं. खरं नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ४८ लॅब्रडोर जन्मभर पाहिले गेले. जोडीदार भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले. सांध्यांचं दुखणंही उशिरा आलं.

कुत्रा जाड आहे का, हे पाहायला वजनकाट्यापेक्षा हात बरा. बरगड्यांवरून हलकेच बोटं फिरवा. न दाबता लागल्या आणि वरून कंबर दिसली, तर ठीक. पशुवैद्य कुत्र्याचा बांधा १ (हडकुळा) ते ९ (लठ्ठ) असा मोजतात; त्यात हे ४-५. बरगड्या शोधाव्या लागत असतील, तर आधी चहाबरोबरची बिस्किटं बंद. (आजोबांचा लपवलेला पोळीचा तुकडाही मोजायचा.)

‘पण त्याला सारखी भूक लागते!’ लागणारच. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित जनुकातच बिघाड असतो. वजन अचानक वाढलं, तर मात्र थायरॉइड तपासून घ्या.