बीटी आणि मेटारायझियम: एक पोटातून मारतं, दुसरं कातडीतून

कृषी सेवा केंद्रात 'जैविक' कीटकनाशक म्हणून बीटी आणि मेटारायझियमच्या पुड्या एकाच फळीवर असतात. एक मिळाली नाही तर दुसरी घ्या, असं सर्रास सांगितलंही जातं. तसं करू नका, कारण दोघांची मारण्याची रीतच वेगळी आहे.

बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) हा जिवाणू. तो क्राय नावाच्या प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीने फवारलेलं पान खाल्लं की ते तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळतात आणि आतड्याला भोकं पाडतात. अळी लगेच मरत नाही, पण काही तासांत खाणं सोडते. जिवाणू मेलेला असला तरी स्फटिक काम करतो. बीटी कपाशीत तर जिवाणू नसतोच, त्याचं फक्त जनुक असतं.

मेटारायझियम ही बुरशी. १८७९ साली रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफने आताच्या युक्रेनमधल्या ओडेसा भागात गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर ती वापरून पाहिली होती. हिचा बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतो, रुजतो आणि कवच पोखरून आत शिरतो. किडीने काही खायची गरजच नाही. म्हणूनच रस शोषणाऱ्या मावा-तुडतुड्यांवर बीटीची फवारणी वाया जाते, बुरशी मात्र लागू पडू शकते. उसात मेलेली हुमणी (मुळं खाणारी अळी) उकरून पाहा: अंग कडक, त्यावर आधी पांढरी बुरशी, मग हिरवी भुकटी.

आत शिरल्यावर बुरशीही विषं सोडते, आणि खरा घोटाळा इथेच होतो: दोन्हीकडे विषच, मग फरक काय, असं वाटतं. काही बुरशींकडे रायबोटॉक्सिन नावाची विषारी प्रथिनं असतात. नारळावरच्या कोळी किडीला (माइटला) मारणाऱ्या हिर्सुटेला बुरशीचं हिर्सुटेलिन हे त्यातलंच. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएमधला एकच बंध ते तोडतं, प्रथिननिर्मिती थांबते आणि पेशी मरते. क्रायला चिकटायला अळीच्या आतड्यातली ठरावीक जागा लागते. रायबोसोमचा हा भाग मात्र माणसासकट सगळ्या सजीवांत जवळपास सारखाच. त्यामुळे हे प्रथिन वेगळं काढून फवारावं, ही कल्पना मला धोक्याची वाटते. बुरशी ते किडीच्या अंगात सोडते, तेच बरं.

मेटारायझियम घेताना बीजाणू जिवंत असणं महत्त्वाचं. मुदत संपलेली किंवा उन्हात तापलेली पुडी घेऊ नका, बुरशीनाशकात मिसळू नका. हुमणीसाठी ती कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलाव्यावर मुळांपाशी द्या.