तणनाशक निरीक्षण, पेयजलातील (पंचगंगा खोरे)

पिण्यासाठी नदीतून उपसलेल्या पाण्यात तणनाशकांचे अंश केव्हा व किती उतरतात, हे नियमाने तपासत राहण्याची पद्धती. कोल्हापूर परिसरात तिचा संबंध प्रामुख्याने उसाशी येतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती (व परंपरेनुसार गुप्त सरस्वती) मिळून झालेली पंचगंगा उसाच्या पट्ट्यातून वाहते, आणि भांगलणीऐवजी (हाताने तण काढण्याऐवजी) तेथे ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन व २,४-डी ही तणनाशके फवारली जातात.

यांपैकी २,४-डीच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन व अमेरिकेतील गट त्यावर काम करीत होते. युद्धकालीन गुप्ततेमुळे प्रसिद्धीच्या तारखांवरून अग्रक्रम लावणे धोक्याचे असून, शोध अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे लागला हे मत अधिक ग्राह्य वाटते. ॲट्राझिन १९५८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीकडून आले.

ॲट्राझिन लिटरभर पाण्यात सुमारे ३३ मिलिग्रॅम विरघळते व मातीला फारसे धरून राहत नाही. तुरटी, वाळूची गाळणी आणि क्लोरीन या नेहमीच्या क्रमात गढूळपणा जातो, जंतू मरतात. विरघळलेले ॲट्राझिन बहुतांशी तसेच पुढे जाते. त्यासाठी क्रियाशील कार्बन (विरघळलेली द्रव्ये धरून ठेवणारा कोळसा) लागतो, आणि तो केव्हा घालायचा हे निरीक्षणावरूनच ठरते.

नमुन्याची वेळ म्हणून कळीची. उसाची आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व ‘सुरू’ नावाची लागण जानेवारी-फेब्रुवारीत होते. उगवणीपूर्वीची फवारणी लागणीनंतर काही दिवसांतच होते. फवारणीनंतरचा पहिला जोराचा पाऊस सर्वाधिक अंश वाहून आणतो. आडसालीच्या वेळी नदी भरलेली असल्याने ते विरळ होतात. पावसाळा सरल्यावर मात्र राजाराम बंधाऱ्यासारख्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या) बसवतात, पाणी तुंबून राहते आणि अंश किती दिवसांत उपसा केंद्राशी पोचतील याचा प्रवाहाच्या वेगावरून बांधलेला अंदाज चुकतो. महिन्याच्या ठरल्या तारखेला एक बाटली भरली आणि त्या आठवड्यात रान कोरडे असले, तर अहवाल निर्दोष येणारच.

नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, थंड ठेवून नेतात. शुद्ध केलेल्या पाण्यातील क्लोरीन आधी सोडियम थायोसल्फेटने काढतात. ॲट्राझिनसाठी वायू वर्णलेखन (मिश्रणातील द्रव्ये वेगळी करणे) व वस्तुमान वर्णपटमापन (ती वस्तुमानावरून ओळखणे) चालते; आम्लधर्मी २,४-डीला द्रव वर्णलेखन सोयीचे. निव्वळ ॲट्राझिन मोजावे की डीइथाइल-ॲट्राझिनसारखी विघटनजन्य द्रव्येही, याबाबत एकवाक्यता नाही. जागतिक आरोग्य संघटना क्लोरीनयुक्त विघटनद्रव्ये धरून १०० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर हे मार्गदर्शक मूल्य देते. पेयजलाचे भारतीय मानक १०५०० (२०१२) ॲट्राझिनला २, तर २,४-डीला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा घालते. मेट्रिब्युझिनचे नाव त्या यादीत नाही. युरोपीय संघात काही मोजके अपवाद वगळता प्रत्येक कीडनाशकासाठी (त्यांत तणनाशकेही येतात) ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे.

कोल्हापूर शहराचा उपसा पूर्वापार शिंगणापूर, बालिंगा येथून होत आला. २०२३ मध्ये दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने आले. वाटेतल्या रानांचा निचरा त्यात मिसळत नाही. खालच्या अंगाची गावे मात्र पंचगंगेवरच अवलंबून आहेत.