हवा नाही, तर रक्तही नाही

एक फुप्फुस मिटलं म्हणजे शरीराला ऑक्सिजन निम्माच मिळणार, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हिशेब बराच वेगळा आहे.

फुप्फुस रबरासारखं सतत आकसायला बघतं. त्याच्या आणि छातीच्या भिंतीमधल्या फटीत दाब वातावरणापेक्षा किंचित कमी असतो, म्हणून ते फुललेलं राहतं. त्या फटीत हवा शिरली की ते मिटतं.

हवा थांबली तरी हृदय त्या फुप्फुसाकडे रक्त पाठवतच असतं. ते ऑक्सिजन न घेताच परत येतं आणि शुद्ध रक्तात मिसळतं. अशुद्ध रक्तातलं हिमोग्लोबिन साधारण 75 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं, चांगल्या फुप्फुसातून आलेलं 98 टक्के. दोन्ही निम्मं निम्मं मिसळलं तर ढोबळमानाने 86 टक्के. जोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येतो, पण 98 टक्के भरलेल्या हिमोग्लोबिनमध्ये आणखी ऑक्सिजन कुठे मावणार?

इथे फुप्फुसाची खरी करामत दिसते. इतर अवयवांत ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात, फुप्फुसात मात्र त्या आवळतात! 1946 मध्ये फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी मांजरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींना ऑक्सिजनची कमतरता जाणवते, त्यांच्या पोटॅशियमच्या वाटा बंद होतात, पेशीपटलावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आकुंचन पावतो. मेंदूच्या हुकमाची गरजच नाही. रक्त आपोआप चांगल्या फुप्फुसाकडे वळतं. मिटलेल्या बाजूला निम्म्याऐवजी पाव रक्त गेलं, तर वरचाच हिशेब 92 टक्क्यांवर येतो. हीच युक्ती उंच पर्वतावर अंगाशी येते: तिथे दोन्ही फुप्फुसांत सगळीकडेच वाहिन्या आवळतात, दाब वाढतो आणि काहींच्या फुप्फुसात पाणी झिरपतं.

म्हणूनच ‘दहा सेकंद श्वास रोखता आला तर फुप्फुस ठणठणीत’ हा मोबाइलवर फिरणारा संदेश घातक आहे. एक फुप्फुस अर्धवट मिटलेलं असतानाही निरोगी तरुणाला तेवढा श्वास रोखता येऊ शकतो. छातीत अचानक कळ आली आणि धाप लागली तर थेट दवाखाना गाठावा.

फुप्फुसाभोवतीच्या फटीत जिथून हवा शिरते, ती जखम कधी कधी झडपेसारखी वागते: हवा फटीत येते, बाहेर जात नाही. दाब वाढत जातो, हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरा दबतात आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी डॉक्टर एक्स-रेची वाट न पाहता बरगड्यांमधून सुई घालून आधी ती हवा सोडतात.